तांब्याची कांब

"उजवा हात ऐरणीवर ठेव," नवरा म्हणाला.

तिने डावा ठेवला. त्याने कानशिलात अशी ठेवून दिली, की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याला उजवाच हवा होता. त्याच हाताने ती तांब्याची भांडी घडवायची. सकाळी एका गिऱ्हाइकाने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, काम बाईंच्याच हातचं हवं, तुमचं नको. हा जातिवंत लोहार. तिचे वडील गेल्यावर त्यांच्या तांब्याच्या कारखान्यात मालक म्हणून मिरवायचा, पण तांब्याला कधी हात लावायचा नाही. ते म्हणे बायकी काम. मग आता मेल्याला एवढं झोंबायला काय झालं?

दाराला आतून कुलूप होतं, किल्ली त्याच्या कमरेला. हातात तांब्याची कांब, तिनेच ठोकून ठोकून टणक केलेली. दोन तडाखे पाठीवर बसले. तिसऱ्याने खांदा बधिर झाला. आता मनगटाची पाळी. ते गेलं की धंदा गेला. मग जन्मभर याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

"एवढ्याने हाड मोडायचं नाही," ती तोंडातलं रक्त थुंकून म्हणाली. "लोहार ना तुम्ही? पोलादाला देता तसं लाल करून पाणी द्या की कांबेला, कडक होईल. का तेही जमत नाही?"

हे मात्र वर्मी लागलं. त्याने तिला केसांना धरून ऐरणीवर आदळलं आणि एका हाताने तिथेच दाबून ठेवत दुसऱ्या हाताने कांब चिमट्यात धरून भट्टीत खुपसली. लालभडक झाल्यावर बादलीत बुडवली. पोलादाचा होतो तसाच चर्र आवाज झाला. तो समाधानाने हसला, दोन्ही हातांनी कांब उगारली आणि जीव खाऊन तिच्या उजव्या मनगटावर हाणली.

कांब वाकली. मनगटाची सालटं निघाली, कळ मस्तकात गेली, पण हाड शाबूत राहिलं. तो बावळटासारखा कांबेकडे बघत होता. तेवढ्यात तिने त्याच हाताने बाजूचा हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. तिने त्याच्या कमरेची किल्ली हिसकून घेतली.

"पाण्यात काय टाकलं होतंस?" तो गुडघा धरून विव्हळला.

"काही नाही," ती कुलूप काढत म्हणाली. "तांबं मार खाऊन कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं. बाबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. जावयाला मात्र कधी सांगू नकोस, असं बजावून गेले."