ग्लासभर पाणी

आमचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आम्ही काही हौशी लोक नोकऱ्या सांभाळून ते चालवतो. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर, तो सांभाळणाऱ्या ताईंचा दंडक होता: राग आला की आधी ग्लासभर पाणी प्यायचं, मग उत्तर द्यायचं. ताई वारल्या त्याला सहा महिने झाले. त्यांचं खातं मीच बंद केलं. आज एका नव्या मुलीने तीच चूक तिसऱ्यांदा केली आणि माझं टाळकं सटकलं. "झेपत नसेल तर नाद सोड," असं लिहिलं, पण बोट बटणावर अडलं. घरात मी एकटाच. स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या पाणी प्यायलो. परत येऊन लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, "कुठे अडलंय? मिळून बघू. उत्तराला उशीर झाला, माफ कर." तिचं उत्तर लगेच आलं. "असू दे, दादा. मघाशीच ताईंचा मेसेज आला, 'थांब, तो पाणी पितोय.'"