तोंडी लावायला

फिटरनं चमचा तोंडात घातला आणि तो पुरता बाहेर काढायच्या आत म्हणाला, “वा! तीच चव. अगदी तीच.”

समोर बसलेल्या त्याच्या बायकोनं आपला चमचा उचलला होता, तो तसाच हातात राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या वाडग्याकडे, मग टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या मिठाच्या वाटीकडे. वाटी शिगोशीग भरलेली होती. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बंदराजवळची ही खानावळ. फिटरनं आयुष्यभर बोटींच्या इंजिनखोलीत पाने फिरवले, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काय केलं, तर बायकोला घेऊन इथं आला. रजेवर घरी आला की हा माणूस देशोदेशीचं जेवण सांगत बसायचा. त्यातही या खानावळीतलं माशांचं सूप म्हणजे त्याचा हुकमी एक्का. पोरं जांभया देत उठून जायची. बायको मात्र ऐकायची. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. दार ढकललं की वाजणारी घंटा, खिडकीशेजारचं डगमगणारं टेबल, आणि मीठ. इथं सुपात मीठ घालतच नाहीत. गोदीतल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, तेव्हा ज्यानं त्यानं आपली चिमूट आपण घालायची. “नाही घातली, तर भांडी धुतलेलं पाणी,” असं फिटर सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

आणि आज तोच फिटर बिनमिठाच्या सुपाचे भुरके मारत होता. वर मानही डोलवत होता. नाटक करायचं तर थोडं तरी अंगात असावं लागतं, ते त्याच्या अंगात कधीच नव्हतं.

बायकोनं वाटीतली चिमूट घेऊन आपल्या वाडग्यात टाकली. दुसरी घेतली आणि हात लांब करून त्याच्या वाडग्यात टाकली.

फिटरचा चमचा थांबला. कान लाल झाले.

“विसरलो,” तो म्हणाला.

“विसरला नाहीत. तुम्हाला कळलंच नाही. कधीपासून?”

खिडकीबाहेर क्रेनला एक पेटी लोंबकळत होती. ती खाली टेकेपर्यंत फिटरची नजर तिच्यावरच होती.

“त्या तापानंतर. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत.”

“करपलेलं दूध गटागट प्यायलात, तेव्हा मला वाटलं, नवरा सुधारला.”

त्याला हसू आलं नाही. “सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग कशाला जायचं. अगं, मला तुला हे खाऊ घालायचं होतं. जगभर मी एकटाच खात आलो. कुठंही चांगला घास मिळाला की वाटायचं, ही आत्ता इथं हवी होती. आणि आता तू आलीस, तर मीच नाही.”

बायकोनं खाली मान घालून सुपाचा चमचा घेतला.

“सांग तरी,” फिटर म्हणाला. “कसं लागतंय?”

आली का पंचाईत! खाण्याच्या बाबतीत तिची मजल ‘बरं आहे’च्या पुढं कधी गेली नव्हती. मुलाच्या लग्नातलं जेवणही नुसतं ‘बरं’ होतं.

“बरं आहे,” ती म्हणाली.

फिटरचा चेहरा पडला. “बरं म्हणजे?”

तिनं डोळे मिटले. “आधी कोळशाचा धूर लागतो. मग आंबट, पण फक्त जिभेच्या कडांना. आणि घोट गेला म्हणेपर्यंत मिरी घशातून परत वर येते, काहीतरी विसरल्यासारखी.”

फिटर ऐकता ऐकता पुढं सरकला होता. तो एकदम मागं झाला.

“हे माझं आहे. शब्दन्‌शब्द माझं आहे.”

“मग कुणाचं असणार? इतकी वर्षं तेच तर खाल्लं. पोरांना वाढून झालं की पातेल्यात काही उरायचं नाही. माझ्या ताटात नुसता भात. तुमचं बोलणं तोंडी लावून जेवायचे मी. तुम्ही बोटीवर असायचात, तेव्हासुद्धा.”

फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलंही नाही. मग म्हणाला, “ते राहू दे. आता तुझं सांग. खरं काय लागतंय?”

तिनं आणखी एक चमचा घेतला. तोंडात घोळवला. खोटं बोलणं सोपं होतं, पण आज इथं एकानं केलेलं नाटक पुरे होतं.

“खरं सांगू? तुम्ही सांगायचात ते जास्त चांगलं होतं.”

फिटर बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. हसता हसता त्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि वाडगं जवळ ओढलं.

“मग तेच वाढ,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

बायकोनं चमचा खाली ठेवला. रुमालानं ओठ टिपले. नवरा सुरुवात करण्याआधी खाकरायचा, तशी खाकरली.

“बोट धक्क्याला लागली,” ती सांगू लागली. “पोटात कावळे ओरडत होते. मी एकटाच उतरलो.”

फिटरनं चमचा भरला.