तिन्ही वेळचं
आईला बेचाळिसाव्या वर्षी परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती तुटपुंजी. बाबा म्हणाले, “मेस कशाला लावायची? खोलीत शेगडी आहे, हाताला चव आहे.” मी म्हटलं, “फार तर नाश्ता लाव.” आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि वसतिगृहाच्या कारकुनाला सांगितलं, “तिन्ही वेळचं जेवण लावा.” पहिल्या जेवणाला मी सोबत होते. ती ताट धरून येईल त्या पोराला पुढे सोडत राहिली. शेवटी वाढपी वैतागला. “काकू, रांग अडलीय, या पुढे.” ती ओशाळून पुढे झाली. आमच्याकडे सगळ्यांची पानं उठल्यावर ती पातेलं खरवडून जेवायची. इथे ताटातून वाफ येत होती. तेवढ्यात बाबांचा फोन आला. “कसं आहे जेवण? तुझ्या हाताची सर नसेलच.” “मीठ कमी आहे,” आई म्हणाली, “भाजी पाणचट आहे. फोन ठेवते आता, गार होतंय.”