गौरीच्या मागोमाग

माझे गुडघे गेले म्हणून लेकीने बंगळूरहून फरशी झाडायचं यंत्र पाठवलं. परातीएवढं, आपलं आपण घरभर फिरणारं. "आई, आता तू वाकायचं नाहीस," म्हणाली. ते रोज सोफ्याखाली अडकून किंचाळायचं आणि मीच वाकून त्याला बाहेर ओढायचे.

गौरी आणायच्या दिवशी त्या यंत्राची रोजची आपोआप फिरायची वेळ झालीय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं काढली. फोन देव्हाऱ्याला टेकवला आणि मुखवटा घेऊन दारातून आत निघाले. पडद्यावरून लेक विचारत होती, "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यारुप्याच्या पावलांनी आली."

"आई, मागे बघ!"

ते मेलं यंत्र माझ्यामागून एकेक पाऊल गिळत येत होतं. उंबऱ्यापर्यंत फरशी लख्ख!

"यंदाही स्वतः आली नाहीस, आणि हा डबा पाठवलास!" मी ओरडले. "माहेरवाशिणीची वाटच पुसली त्याने."

तिने तिकडे गाड्यांच्या वेळा बघितल्या. मग म्हणाली, "मुखवटा पाटावर ठेव. आजच्या गाडीने निघते. उद्या पावलं मी काढते."

"काढू नकोस," मी म्हणाले. "नुसती चालत ये."