झुडपांतली मर्यादवेल

"थांब मास्तर, चौकट इथं टाक," ताई म्हणाली.

मास्तरनं झाडं मोजायची लाकडी चौकट वाळूवर टाकली, आत डोकावला आणि त्याचं व्याख्यान मध्येच तुटलं. एरवी हा माणूस गप्प बसेल तर शपथ! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, मुलं त्याला मास्तर म्हणायची. आजही किनाऱ्यापासून मोजणीची दोरी ताणत येताना त्यानं ताईला जणू पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवलं होतं. पाण्याजवळ नुसती वाळू. मग मर्यादवेल येते, ती वाळू धरून ठेवते. तिच्यामागे गवत, मग झुडपं, अगदी आत गेलं की झाडं. एकानं जागा करून द्यायची, मग दुसऱ्यानं यायचं. ताईला हे तोंडपाठ होतं. त्याला हे काम तिनंच शिकवलं होतं.

धाकट्या बहिणीसाठी त्याचं स्थळही तिनंच आणलं होतं, लग्नही लावून दिलं होतं.

पण इथं, समुद्रापासून इतक्या आत, जुन्या झुडपांच्या ऐन मध्यात मर्यादवेल पसरली होती. माणूस आडवा झोपेल एवढ्याच जागेत.

"ही उघड्या वाळूवर येते," ताई हळूच म्हणाली. "इथली झुडपं कुणीतरी काढलीत."

"कोल्ह्यांनी उकरलं असेल."

"वेल किती जुनी आहे बघ."

त्यानं वाकून खोडाला बोटं लावली. "दोन वर्षं. फार तर तीन."

"धाकटीला जाऊनही तीन वर्षं झाली."

धाकटी घर सोडून गेली, असं मास्तर सांगायचा. चार कपडे घेतले, चपला घातल्या, निघाली. पोलीस आले, चौकशी करून गेले. आई अजून दाराला कडी न लावता झोपते. ताईचं रडून झालं होतं, चिडून झालं होतं. आता तिला एवढंच हवं होतं : पोर जिवंत आहे की नाही, ते एकदाचं कळू दे.

"तुम्हाला वाटतंय ती इथं आहे?" मास्तरनं विचारलं.

"मला काय वाटतं ते सोड. पोलिसांना फोन करू?"

"अहो, कशाला उगाच बोभाटा! वाळूचे नमुने काढायला आणलेलं ते फावडं द्या इकडे. तुमच्या जिवाला तरी शांतता लाभू दे."

तो खणायला लागला तो असा, की बघत राहावं. बाह्या सरसावल्या, पाय रोवले आणि फावडं पूर्ण ताकदीनं खाली घातलं. मुळं तटातट तुटली.  ताई खड्ड्यात बघत नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती.

"जरा हळू," ती एकदा म्हणाली.

"हळू कशाला? वाळूच तर आहे," असं म्हणून तो शीळ घालायला लागला.

आसपास चिटपाखरू नव्हतं. वाराही पडला होता. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला. कडा ढासळायच्या, तो पुन्हा उपसायचा. छातीपर्यंत उतरल्यावर ओली वाळू लागली, आणि तिच्याखाली पाणी.

"घ्या! काही नाही." त्यानं घाम पुसला, फावडं वर दिलं आणि हसला. "झालं समाधान? आता हात द्या, वर ओढा. सपाटून भूक लागलीय."

ताईनं फावडं घेतलं. हात दिला नाही.

"ही वेल मी लावली, मास्तर. झुडपं मीच उपटली, आणि मग दोन वर्षं तिला वाढू दिलं."

मास्तरचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"म्हणजे इथं काही नाही, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मला होतं," ताई म्हणाली. "पण फावडं घालताना तू एकदाही कचरला नाहीस. तुला कसं ठाऊक होतं?"