जखमी शिपायाचा पत्ता

माझी नात मैत्रिणींशी खेळायला राक्षस-जादूगारांच्या पत्त्यांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, जुळवत होती. गमतीचाच, पण हरायचंही नाही असा. आतल्या खोलीतून तापाने फणफणलेल्या माझ्या लेकाचा श्वास ऐकू येत होता.

"हा जखमी शिपाई कुचकामी," म्हणत तिने एक पत्ता बाजूला टाकला आणि आतला श्वास थांबला.

मी झडप घालून पत्ता परत कोंबला, तेव्हा श्वास सुरू झाला. तिने पत्ता पुन्हा काढला, श्वास पुन्हा थांबला.

"ठेव गं तो, भवाने! बाप जाईल तुझा!"

"आजी, साठच पत्ते चालतात. एक काढावाच लागेल."

मग मी शिपाई परत आत सरकवला आणि थेट माझ्यासारख्याच नाकाच्या म्हाताऱ्या चेटकिणीचा पत्ता उपसून जमिनीवर आपटला.

आतून लेकाने पाणी मागितलं. "आणते रे," म्हणत मी उठले.

नात माझ्याकडेच बघत ओरडली, "आजी? कुठे गेलीस?"