हात लावल्याचं कारण

यंत्राच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : नायटा. मलम दोन वेळा. पुढचा रुग्ण.

आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या मंजुळाबाई उठू लागल्या, तशी वनमाला सिस्टरांनी त्यांना थांबवलं. "बसा हो. हातावरच्या या चट्ट्याला खाज येते का?"

"नाही जी, काहीच होत नाही. परवा इथंच तव्याचा चटका बसला, तर फोड दिसल्यावर समजलं मला."

सिस्टरांना कुष्ठरोगाची शंका आली. नायटा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पण यंत्र कातडीचा रंग बघतं, खाज विचारत नाही. ही यंत्रं आल्यापासून रुग्णाला हात लावायला बंदी होती. दोन ताकिदी सिस्टरांना आधीच मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की घरी.

"गेली नोकरी खड्ड्यात," असं पुटपुटत त्यांनी कापसाची बारीक वात वळली. "डोळे मिटा, बाई. स्पर्श होईल तिथं बोट ठेवा."

वात मनगटाला लागली, बोट तिथं आलं. कोपराला लागली, तिथंही आलं. मग चट्ट्यावरून ती तीनदा फिरली. मंजुळाबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या.

"सुरू करा ना, सिस्टर."

सिस्टरांनी हातमोजा ओढून काढला आणि उघडी बोटं अलगद त्या चट्ट्यावर टेकवली. यंत्र बोंबलू लागलं : रुग्णाला स्पर्श. तिसरी ताकीद. कारण सांगा.

"लिहून घे मेल्या," हात न उचलता सिस्टर कडाडल्या, "मी हात लावलाय, आणि बाईंना अजून कळलेलं नाही!"